बाबा ७१ वर्षांचे आहेत, ८ वर्षांपासून रोज क्लोनाझेपाम ही झोपेची-घबराटीची गोळी घेतात. आता बंद करावी का?

कमी करायला घ्या, पण एकदम बंद मुळीच करू नका. इतक्या वर्षांत मेंदूला गोळीची सवय होते. अचानक तोडली तर थरथर, घाम, झोप साफ उडणं, कधी झटकेही येतात. यवतमाळ जिल्ह्यात माझं औषधाचं दुकान आहे. पेरणीच्या धांदलीत तालुक्याला येणं झालं नाही, गोळ्या संपल्या आणि चार-पाच दिवसांत माणूस दवाखान्यात, हे मी पाहिलंय.

तरी कमी करावी असं का म्हणतो? या वयात रात्री लघवीला अंगणात उठताना गुंगीत पडून खुबा मोडतो, विसरभोळेपणाही वाढतो. डॉक्टर साधारण दर २ ते ४ आठवड्यांनी ५ ते १० टक्के मात्रा उतरवतात. वर्षही लागू शकतं. त्रास झाला तर त्याच मात्रेवर थांबतात.

मात्र गोळी मिरगीसाठी दिलेली असेल किंवा बाबांना रोजची दारू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अर्धी गोळीही कमी करू नका. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. जाणं लांबणार असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत, फुकट बोलता येतं.