शेळीची तंगडी धरणारा कुत्रा

प्रश्न : आमच्याकडे २२ शेळ्या आहेत. राखणीचा गावठी कुत्रा ११ महिन्यांचा. कळप चांगला वळवतो, पण मागे रेंगाळणाऱ्या शेळीवर धावून मागचा पाय धरतो. परवा एकीचं रक्त काढलं. पाच शेळ्या गाभण आहेत. शेजारचे म्हणतात, गळ्यात लोढणं अडकवा. अडकवू का?
— एक वाचक, ता. साक्री, जि. धुळे

उत्तर : नको. धावताना लोढणं पुढच्या पायांवर आदळतं, कातडी सोलवटते आणि वळण काहीच लागत नाही. काढलं की पहिले पाढे पंचावन्न.

कळप वळवणं म्हणजे अर्धवट थांबवलेली शिकारच. टक लावणं, दबकणं, पाठलाग इथवर आपल्याला हवं असतं. चावा नको असतो. शेळी पळाली की त्या पळण्यातच कुत्र्याला गंमत मिळते, म्हणून प्रत्येक यशस्वी पाठलाग खोड पक्की करतो. निदान ३ आठवडे तो शेळ्यांत मोकळा सुटता कामा नये. गाभण शेळ्या सरावात आणूच नका. गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत धावपळीने गाभ टाकण्याची भीती जास्त.

१० मीटर सुती दोर घ्या, करंगळीएवढा जाड. नायलॉनचा हात कापतो. दोर गळपट्ट्याला नव्हे, छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे हिसक्याने मान दुखावणार नाही. आधी शेळ्या नसताना, अंगणात ‘थांब’ आणि ‘इकडे’ हे दोनच शब्द पक्के करा. हाक देताच वळला की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा. कोरड्या भाकरीवर हे काम होत नाही, शेळीपुढे ती फिकी पडते.

मग कळपापासून ४० पावलांवर उभे राहा. शेळ्यांकडे पाहून तो आपणहून तुमच्याकडे वळला, की तुकडा द्या. मान खाली, अंग ताठ, नजर खिळलेली असेल तर अंतर कमी पडतंय. ओरडू नका, १० पावलं मागे या. सलग ५ वेळा शांत राहिला तरच ५ पावलं पुढे सरका. उभ्या शेळ्यांपुढे जमलं म्हणून पळत्या शेळ्यांपुढे जमेल असं नाही, आणि उड्या मारणारी करडं सगळ्यात अवघड. ती शेवटी. दिवसातून दोनदा १०-१० मिनिटं पुरे. उन्हाळ्यात आपल्याकडे सकाळी ८ च्या आतच. भर उन्हात धावलं तर शेळी आणि कुत्रा दोघांनाही उष्माघात होऊ शकतो.

बहुतेकांचं इथे चुकतं : कुत्रा धावला की मालक आरडाओरड करत मागे धावतो. कुत्र्याला वाटतं, मालकही पाठलागात सामील झाला. घरी आल्यावर मारणं तर अगदीच व्यर्थ. तो मार त्याच्या लेखी घरी येण्याचा असतो. शेळीजवळ मारलं तर शेळी म्हणजे वेदना असं समीकरण बसून तो आणखी चिडका होतो.

दोर जमिनीवर लोळता सोडूनही तो हाकेला थांबू लागला, की दोर ३ मीटरचा करा. कळपात नेताना सुरुवातीला जाळीचं मुसकं घाला, तोंड उघडून धापा टाकता येतील एवढं सैल.

चावलेल्या शेळीचे केस कातरून पाहा. सुळ्याचं भोक वरून बारीक दिसतं, आत खोल असतं. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, पोव्हिडोन आयोडीन लावा, त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. हळद-चुना भरून जखम बुजवू नका, आत पू साचतो. कुत्र्याला रेबीजची लस कधी दिली तेही डॉक्टरांना सांगा. दिली नसेल तर त्यालाही सोबत घेऊन जा.