अश्वगंधा की ऱ्होडिओला?

परवा तलावपाळीच्या फेरीत ‘या दोन औषधी वनस्पतींपैकी कोणती घेऊ’ असं विचारलंस तेव्हा घाईत उत्तर दिलं, आता नीट सांगते. दोन्ही एकदम सुरू करू नकोस. काय लागू पडलं आणि काय बाधलं, कळणारच नाही.

तुझी तक्रार झोपेची, म्हणून माझं मत अश्वगंधेला. ताण आणि झोपेवर तिचे प्रयोग झालेत. बहुतेक छोटे, पण झालेत. त्यांत मुळाचा अर्क, साधारण रोज 300 ते 600 मिलिग्रॅम, बऱ्याचदा 8 आठवडे. चार दिवसांत ‘काहीच फरक नाही’ म्हणून फोन करू नकोस. डबी फिरवून बारीक अक्षरं वाच: मूळच हवं, पानं नकोत.

ऱ्होडिओला थंड डोंगरातली. लडाखमध्ये तिला सोलो म्हणतात. थकव्यासाठी घेतात, पुरावा आणखी तोकडा. मी एकदा वाशीहून घरी आल्यावर संध्याकाळी सातला घेतली आणि रात्री दोनला पंख्याची पाती मोजत पडले होते! घ्यायचीच तर सकाळी. डिप्रेशनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

अश्वगंधा ‘आपली’ म्हणून निर्धोक, हे मात्र डोक्यातून काढ. क्वचित का होईना, यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. डेन्मार्कने 2023 मध्ये तिच्यावर बंदीच घातली. दिवस गेले असतील किंवा यकृताचा त्रास असेल तर नको. थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर आधी डॉक्टर. डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी बंद.

टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी, शेवटची कधी केलीस, ते आधी कळव.