आईच्या ऑपरेशननंतर बेडसोअर झाला आणि घरी भाऊ तिची हेळसांड करतोय. कायद्याने काय करता येईल?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा : आईचं खाजगी हॉस्पिटलात खुब्याचं ऑपरेशन झालं. डिस्चार्जनंतर तिसऱ्या दिवशी तुम्ही भेटायला गेलात, तेव्हा माकडहाडावर काळा-जांभळा डाग दिसला. आता तिथे खोल जखम आहे, म्हणजे बेडसोअर, सतत एकाच जागी पडून राहिल्याने दाब येऊन होणारी जखम. आई भावाकडे राहते. घर त्याने गेल्या वर्षी बक्षीसपत्राने (गिफ्ट डीड) स्वतःच्या नावावर करून घेतलं. आता औषधपाणी वेळेवर होत नाही, तुम्हाला आईशी फोनवर धड बोलूही देत नाहीत. हॉस्पिटल म्हणतं घरी काळजी घेतली नाही, भाऊ म्हणतो हॉस्पिटलनेच वाट लावली.

मी वकील नाही. सर्जिकल वॉर्डात सिस्टर-इन्चार्ज होते. निवृत्तीनंतर ज्येष्ठ नागरिक संघाच्या मदत कक्षात बसते आणि बहुतेक वेळ लोकांचे केस पेपर वाचण्यातच जातो. त्यामुळे मला काय दिसतं ते सांगते.

दोघंही दोषी असू शकतात. म्हणूनच दोन्ही तक्रारी एकाच अर्जात घालू नका. घातल्यात तर दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून सुटतील. हॉस्पिटलची दाद वेगळ्या ठिकाणी, भावाची वेगळ्या ठिकाणी. आणि कुणाचा दोष किती, हे बरंचसं तारखांवर ठरणार आहे.

तुम्ही लिहिलेला तो काळा-जांभळा डाग फार महत्त्वाचा आहे. बेडसोअर नेहमी वरून आत जात नाही. हाडाजवळचं मांस आधी मरतं आणि कातडीवर त्याचा रंग साधारण ४८ ते ७२ तासांनी उमटतो. म्हणजे तिसऱ्या दिवशी घरी दिसलेल्या जखमेची सुरुवात वॉर्डात झालेली असू शकते. घरच्यांनी फक्त ती पहिल्यांदा पाहिली. उलट, डिस्चार्जच्या वेळी कातडी साफ होती आणि डाग दोन आठवड्यांनी आला, तर हॉस्पिटलला जबाबदार धरणं अवघड जातं. म्हणून तुमच्या फोनमधले फोटो डिलीट करू नका, व्हॉट्सअॅपवरून फिरवलेल्या प्रतीवर भागवू नका, मूळ फाइल तारखेसह जपा. आणि आज-उद्याच आईला सरकारी रुग्णालयात किंवा दुसऱ्या सर्जनकडे दाखवा. जखमेची लांबी, रुंदी, खोली आणि ग्रेड (जखम किती गंभीर आहे ते) कागदावर लिहून घ्या. हे उपचारासाठी तर हवंच, कारण अशा जखमेतून रक्तात जंतुसंसर्ग झाला तर जीवावर बेततं. पुढे हाच कागद पुरावा होतो.

आता हॉस्पिटलकडून पूर्ण केस पेपर मागा. डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे पेशंटने किंवा त्याने अधिकार दिलेल्या नातेवाइकाने लेखी मागणी केल्यावर ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात, आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं त्या जपाव्या लागतात. आईच्या सहीचं किंवा अंगठ्याचं अधिकारपत्र जोडा. अर्ज हातोहात देऊन पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. मागायचं नाव घेऊन : भरती झाल्यावेळची तपासणी, ऑपरेशन नोट, भूलतज्ज्ञाची नोंद, नर्सिंग नोट्स, औषधांचा तक्ता, कूस बदलल्याची नोंद, संमतीपत्र, सगळी बिलं.

कागद आले की आधी नर्सिंग नोट्स उघडा. खुब्याच्या पेशंटला हलता येत नाही, तेव्हा साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठ बघायची, ओलं अंथरूण बदलायचं, गरज असेल तर एअर बेड द्यायचा, ही वॉर्डातली रोजची कामं आहेत. नोंद खरी असते तेव्हा ती वेडीवाकडी असते : एका पाळीत निळी शाई, दुसरीत काळी, कुठे दोनच्या ऐवजी अडीच, कुठे 'पेशंटने कुशीवर वळायला नकार दिला'. अख्ख्या रात्रीच्या नोंदी एकाच हाताच्या, एकाच पेनाच्या आणि सगळीकडे 'पेशंट कम्फर्टेबल' असं दिसलं, तर तिथे खूण करा. खाडाखोड, रिकाम्या पाळ्या, भरती करताना पाठ तपासल्याची नोंदच नसणं, हेही टिपा. आणि डिस्चार्ज कार्डावर जखमेची काळजी कशी घ्यायची ते घरच्यांना लिहून दिलं होतं का, तेही बघा. दिलं असेल आणि भावाने पाळलं नसेल, तर ते त्याच्या बाजूने जाणार नाही.

नुकसानभरपाई हवी असेल तर पहिलं ठिकाण जिल्हा ग्राहक आयोग. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात ठरवलं की पैसे घेऊन दिलेले उपचार ही ग्राहक कायद्यातली 'सेवा' आहे. जिथे सगळ्यांनाच फुकट उपचार होतात ती हॉस्पिटलं यातून सुटतात. पण काहींकडून पैसे घेणारं हॉस्पिटल असेल, तर तिथे फुकट उपचार घेतलेला पेशंटही तक्रार करू शकतो. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग माफ करू शकतो, पण त्या भरवशावर बसू नका. २०१९ च्या कायद्यात दोन सोयी झाल्या. एक, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, हॉस्पिटलच्या गावी खेटे घालायला नकोत. दुसरी, कुठल्या आयोगात जायचं हे मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, भरलेल्या बिलावर ठरतं : ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग. बिल ५ लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि वकिलाशिवायही चालवता येते. तक्रार आईच्या नावाने करा. बिल तुम्ही भरलं असेल तर तुमचंही नाव सोबत घाला.

सिद्ध काय करायचं? उपचार यशस्वी झाले नाहीत, एवढं पुरत नाही. त्या परिस्थितीत साधारण कौशल्याच्या डॉक्टरने किंवा नर्सने जे केलंच असतं ते झालं नाही आणि त्यामुळेच इजा झाली, हे दाखवायचं. नर्सची चूक असली तरी हॉस्पिटल जबाबदार असतं. प्रत्येक केसमध्ये तज्ज्ञाचं मत लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव खटल्यात स्पष्ट केलं आहे. तरीही मी सांगेन, मत घ्याच. प्लॅस्टिक सर्जनने 'या अवस्थेची जखम अमुक दिवसांआधी सुरू झाली असावी' असं लिहून दिलं, तर तुमची केस स्वतःच्या पायावर उभी राहते.

वेळ लागेल, हे आधीच समजून घ्या. उपचारांतल्या हलगर्जीपणाचा गाजलेला खटला अनुराधा साहा यांचा. त्यांचा मृत्यू १९९८ चा. त्यांचे पती कुणाल साहा यांना सर्वोच्च न्यायालयाने जवळपास ६ कोटी रुपये मंजूर केले ते २०१३ साली. तेवढी ताकद नसेल आणि तडजोडीला वाव दिसत असेल तर स्थायी लोकअदालतीचा रस्ता आहे. हॉस्पिटलची सेवा तिच्या कक्षेत येते, १ कोटीपर्यंतचे वाद चालतात, कोर्ट फी नाही आणि समेट झाला नाही तर ती निकालही देऊ शकते. मात्र एकदा तिथे अर्ज केला की त्याच वादासाठी दुसऱ्या न्यायालयात जाता येत नाही. दोन्हीपैकी एक निवडा.

महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे डॉक्टरविरुद्ध तक्रार करता येते. परिषद ताकीद देऊ शकते, नोंदणी निलंबित करू शकते. पैसे मिळवून देत नाही.

पोलीस केसबद्दल तुम्ही विचारलंत. माझं मत, यात पडू नका. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालापासून डॉक्टरवर फौजदारी कारवाईला साधा हलगर्जीपणा पुरत नाही, ढळढळीत बेपर्वाई लागते, आणि पोलिसांना आधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावं लागतं. भावाला चार पोरं घेऊन हॉस्पिटलात जायचंय असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून थांबवा त्याला. हॉस्पिटल आणि डॉक्टर-नर्सवरच्या हल्ल्यांसाठी महाराष्ट्रात २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे : अजामीनपात्र गुन्हा, ३ वर्षांपर्यंत शिक्षा, वर नासधुशीच्या दुप्पट भरपाई. आईची बाजू खरी असली तरी त्या एका दिवसात आरोपी तुम्ही होता.

आता घरचं. हे लिहिताना मला जास्त त्रास होतोय. वॉर्डात निदान तीन पाळ्यांत माणसं बदलतात, घरात एकच माणूस असतो आणि दार आतून बंद असतं. आईला कोंडलं, मारलं, उपाशी ठेवलं असं काही असेल तर अर्ज-विनंत्या नंतर. आधी ११२ ला फोन करा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, तिथे तुम्ही मुलगी म्हणूनही बोलू शकता.

त्यानंतर २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा कायदा. आपल्याकडे या कायद्याचं न्यायाधिकरण प्रांतसाहेबांकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्यांकडे असतं. अर्ज आईने करायचा, तिला शक्य नसेल तर ती तुम्हाला अधिकार देऊ शकते. वकील लागत नाही. चरितार्थाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढायचा असतो, अपवादात्मक कारणाने ३० दिवस जास्त. दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम ठरवता येते आणि ती थकवली तर वॉरंट निघू शकतं. सांभाळायची जबाबदारी असताना ज्येष्ठाला सोडून देणं हा गुन्हा आहे, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. एक गोष्ट मात्र आधीच माहीत असू द्या : या कायद्यात मुलगीही येते. भाऊ तुम्हालाही सामील करून घ्या म्हणेल आणि त्याला तो हक्क आहे. आपण काय देऊ शकतो, हे ठरवूनच जा.

बक्षीसपत्राचं काय? याच २००७ च्या कायद्याचं कलम २३ म्हणतं, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण रद्द ठरवता येतं. गाडी अडते ती अटीवर. २०२२ च्या सुदेश छिकारा निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट होती हे दाखवावं लागेल, नुसतं 'मुलगाच आहे, सांभाळेल' असं गृहीत धरून चालणार नाही. मग २ जानेवारी २०२५ ला उर्मिला दीक्षित खटल्यात न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला आणि न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं असं सांगितलं. तिथे मुलाने सांभाळ करण्याचं वेगळं वचनपत्र लिहून दिलेलं होतं. म्हणून दुय्यम निबंधक कार्यालयातून बक्षीसपत्राची नक्कल काढा आणि ओळ न ओळ वाचा. त्यात अट नसेल तर त्या सुमाराचा एखादा स्टॅम्प पेपर, चिठ्ठी, भावाचा मेसेज शोधा. दबावाने किंवा फसवून सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात रद्द करण्याचा दावा लावता येतो, पण फसवणूक कळल्यापासून ३ वर्षांच्या आत.

आणखी एक रस्ता बायकांना सहसा कुणी सांगत नाही. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा सुनेसाठीच आहे असा समज आहे, पण आईही मुलाविरुद्ध त्यात दाद मागू शकते. तक्रार कुणाविरुद्ध करता येते त्या व्याख्येतले 'प्रौढ पुरुष' हे शब्द सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये काढून टाकल्यापासून सुनेविरुद्धही. तिला त्या घरात राहू द्यायचा आणि त्रास न देण्याचा आदेश मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्यांना भेटा. वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत मिळतो, फोन १५१००.

हे सगळं सुरू करण्याआधी आईशी एकटीने बोला. ती शुद्धीत आहे, विचार करू शकते, तर निर्णय तिचा. मदत कक्षात येणाऱ्या बऱ्याच आया 'पोराला तुरुंगात घालायचं नाहीये मला' म्हणून सही करायला तयार होत नाहीत. तिला सांगा की चरितार्थाचा अर्ज म्हणजे मुलावर फौजदारी नव्हे. न्यायाधिकरण प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं, त्यांना महिनाभरात अहवाल द्यायचा असतो, आणि तिथे ठरलेल्या गोष्टींचा आदेश होतो. जखमेचं ड्रेसिंग कोण करणार, औषधं कोण आणणार, तुम्ही आठवड्यातून कुठल्या दिवशी येणार, तिचा फोन आणि पेन्शनचं पासबुक तिच्याच हातात राहणार, इतकं बारीक त्यात लिहून घ्या.