लिंबूटिंबू नको, आउट म्हणजे आउट

प्रश्न : मी ऐरोलीच्या एका शाळेत प्राथमिकला पीटी घेते. यंदा तिसरीत ४१ मुलं आहेत, त्यातला एक मुलगा सेरेब्रल पाल्सीमुळे व्हीलचेअरवर असतो आणि एका मुलीला खूप कमी दिसतं. पीटीच्या तासाला तो स्कोअर लिहितो, ती पायरीवर बसते. डिसेंबरात स्पोर्ट्स डे आहे, मोठ्या मॅडम म्हणतात दोघांना मशाल घेऊन सगळ्यात पुढे ठेवू, छान दिसेल. मला पटत नाही पण मग करायचं काय? बाकीच्या मुलांना असे खेळ शिकवायचे कसे? मैदान म्हणाल तर अर्धं पार्किंगमध्ये गेलंय.

उत्तर : मॅडम, मशाल राहू दे. लहानपणी आपण धाकट्या भावाला लिंबूटिंबू करायचो ना, खेळात घ्यायचं पण राज्य द्यायचं नाही, आउट झाला तरी सोडायचं, तेच आपण शाळेत दिव्यांग मुलांचं करतो, वर टाळ्या पण वाजवतो. मी पण केलंय. कळव्याला शिकवत होतो तेव्हा पायात कॅलिपर असलेला एक मुलगा पकडापकडीत होता, मी बाकीच्यांना दम दिला होता की त्याला सांभाळून. आठवड्याभरात तो माझ्याकडे आला, म्हणाला सर मला कोणी आउटच करत नाही. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तेव्हापासून माझं एकच सांगणं, एकासाठी नियम सैल करायचा नाही, बदलायचा तर सगळ्यांसाठी बदलायचा. आपल्या मुलांना हे काही नवीन नाही. लंगडीत दुसरं काय करतो आपण? दोन्ही पाय धड असलेल्या पोराला एक पाय उचलून पळवतो आणि त्याला कोणी बिचारा म्हणत नाही.

सुरुवात बोचिया नावाच्या खेळाने करा. पांढरा बॉल आधी टाकायचा, मग एका बाजूचे ६ लाल, दुसऱ्या बाजूचे ६ निळे, ज्याचा पांढऱ्याला जास्त चिकटून तो जिंकला. गोट्या खेळलेल्या माणसाला समजवायलाच नको. सगळ्यांनी खुर्चीवर बसून टाकायचं, तुमच्या त्या मुलाची खुर्ची तो घरूनच घेऊन येतो एवढाच फरक. बॉल विकत घेऊ नका, जुन्या मोज्यात मूग भरून गाठ मारून शिवून टाका, पण ओल्या फरशीवर नको, मूग भिजतात (आमचे एका पावसाळ्यात मोड आले होते). त्याला हाताने टाकणं जमत नसेल तर पीव्हीसी पाइप उभा चिरून त्याची पन्हळ करा आणि त्यावरून बॉल सोडू दे, फक्त त्यासाठी मोज्याच्या ऐवजी टेनिस बॉल घ्या, मोजा मध्येच अडकून बसतो.

आणि इथे एक गंमत आहे. पॅरालिम्पिकमध्ये बोचिया १९८४ पासून आहे, त्यात पन्हळ वापरणाऱ्या खेळाडूच्या मदतनिसाला कोर्टकडे पाठ करून बसावं लागतं. मागे वळून बघायचं नाही, सुचवायचं नाही, खेळाडू सांगेल तेवढीच पन्हळ डावी उजवी करायची. हा नियम वर्गात जसाच्या तसा लावा. पहिल्या दिवशी पन्हळ धरणारं पोर चोरून मागे बघणारच, तेव्हा फाउल द्या. मग तो मुलगा ओरडेल अजून डावीकडे, अरे डावीकडे म्हटलं ना, आणि चुकला तर त्याची टीम त्याच्यावर चिडेल. चिडू दे.

भाषण आधी देऊ नका. आधी दोन तास खेळू दे, मग मोबाइलवर खऱ्या मॅचचा व्हिडिओ दाखवा. तिसरीची मुलं हमखास विचारतात याचं खरं मेडल मिळतं का. तेव्हा सांगा की २०२४ ला पॅरिसमध्ये आपल्याला पॅरालिम्पिकची २९ मेडल मिळाली, त्यात आपल्या सांगलीकडच्या सचिन खिलारीचं गोळाफेकीतलं सिल्व्हर होतं, आणि मुरलीकांत पेटकरांनी तर १९७२ लाच जर्मनीत पोहून गोल्ड आणलंय.

जागा कमी असेल तर बसून व्हॉलीबॉल, त्याचं खरं कोर्टच १० बाय ६ मीटरचं. मुलांसाठी दोन खुर्च्यांना दोरी आणि बॉलच्या जागी फुगा. बॉल मारताना बूड उचललं की फाउल, यावर पोरं इतकी हसतात की पहिला तास त्यातच जातो. त्या मुलाला जमिनीवर बसवायचं का, कसं टेकवायचं, हे मात्र त्याच्या आईला आणि फिजिओला विचारूनच.

मोठ्या मॅडमना सांगा, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १६ मध्ये शिक्षणाबरोबर खेळाची पण समान संधी द्यायला सांगितलंय. पण हे शेवटी काढा, आधी एकदा खेळायला बोलवा.

प्रश्न : माझी मुलगी दुसरीत आहे, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. शाळेत मुलांना डोळ्यांना पट्टी बांधून फिरवलं, अंध असणं काय असतं ते कळावं म्हणून. ती रात्री घाबरून रडली. हे बरोबर आहे का?

उत्तर : ताई, मला हा प्रकार आवडत नाही. दहा मिनिटं ठेचकाळून मुलाला फक्त भीती कळते, वर्षानुवर्षं तसं वावरणाऱ्या माणसाचं कसब कळत नाही. पट्टी बांधायचीच तर गोलबॉल या अंधांच्या खेळासाठी बांधा. तीन तीन जणांच्या टीम, थोडंफार दिसणाऱ्यालाही पट्टी, आत घंटा असलेला बॉल सरपटत येतो, तो आवाजावर आडवं पडून अडवायचा. बघणाऱ्यांनी चिडीचूप बसायचं, नाहीतर खेळच होत नाही. ऐरोलीच्या मॅडमनी पण त्या मुलीला घेऊन हा नक्की खेळवावा, कानाने खेळायची सवय तिला बाकीच्यांपेक्षा जास्त असणार. घंटेचा बॉल नसेल तर साध्या हलक्या बॉलला भाजीची पातळ कुरकुरीत पिशवी घट्ट गुंडाळा, सरपटताना चांगला आवाज येतो. पिशव्या चार-पाच ठेवा, एका तासात दोन फाटतात.