वाचक विचारतात : धरणात गेलेलं गाव पडद्यावर दिसेल का?

गेल्या अंकात गूगल अर्थबद्दल, म्हणजे पृथ्वीचे वरून काढलेले फोटो दाखवणाऱ्या गूगलच्या प्रोग्रामबद्दल (पुढे नुसतं ‘अर्थ’), दोन परिच्छेद लिहिले आणि एकोणीस पत्रं आली. शाळेत भूगोल शिकवत होतो तेव्हा अख्ख्या वर्षात एवढे प्रश्न कुणी विचारले नव्हते. त्यातली चार घेतो.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीला असतो. आम्ही दोघं रविवारी अंगणात उभं राहून हात हलवला, तर त्याला गूगल अर्थमध्ये दिसू का? – एक आजी, दिवेआगर

उत्तर : नाही हो आजी, त्याला व्हिडिओ कॉलच बरा. उपग्रहांनी आणि विमानांनी वेगवेगळ्या दिवशी काढलेले फोटो इथे गोधडीसारखे जोडलेले असतात. एक तुकडा गेल्या वर्षीचा, तर शेजारचा चार वर्षांपूर्वीचा. संगणकावर खालच्या पट्टीत तारीख दिसते, ती आधी वाचायची सवय लावा. मात्र जुनं म्हणजे टाकाऊ नव्हे. वरच्या घड्याळाच्या चिन्हावर टिचकी मारायला मुलाला सांगा आणि ३ जून २०२०च्या आधीचा फोटो शोधू दे. निसर्ग वादळाने आडवी करण्याआधीची तुमची वाडी, पोफळींच्या शेंड्यांसकट, त्याला बघता येईल.

प्रश्न : आमचं गाव उजनीच्या पाण्यात गेलं. वडील ८१ वर्षांचे आहेत, एकदा गाव बघायचंय म्हणतात. धरणाआधीचं गाव दिसेल का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. माझी आत्याही उजनीचीच धरणग्रस्त.

धरण १९८०ला पूर्ण झालं. अर्थमधली काळाची पट्टी मागे नेत गेलं की ती १९८४-८५च्या आसपास अडते. तोवर गावावर पाणी आलेलंच होतं. शिवाय ते फोटो लँडसॅट उपग्रहाचे, त्यात ३० मीटर बाय ३० मीटरची जमीन म्हणजे एक ठिपका. चौसोपी वाडासुद्धा एका ठिपक्यात मावतो.

पण उजनी मायनसमध्ये गेली, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्याच्याही खाली उतरलं, की काय काय वर येतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. पळसदेवचं देऊळ उघडं पडतं, चौथरे दिसू लागतात, गाळातून जुन्या वाटा निघतात. म्हणून गूगल अर्थ प्रो संगणकावर उतरवून घ्या (२०१५पासून फुकट आहे) आणि २०१३, २०१६ अशा दुष्काळी वर्षांतले मार्च ते जूनचे फोटो मिळतात का पाहा. पावसाळ्यातल्यांच्या नादी लागू नका, नुसते ढग दिसतात.

आत्याला असाच एक फोटो दाखवायला बसलो. तिने चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, “ह्यात काय कळतंय? गाव कुणी वरनं बघितलंय का? आम्ही काय घारी हाय?”

चूक माझीच होती. नकाशा वाचणाऱ्याला वरून बघायची सवय असते, गाव चालून बघितलेल्याला नसते. मग माउसचं मधलं चाक दाबून पडदा तिरका केला, नजर खाली आणली आणि डिकसळच्या जुन्या पुलापासून सुरुवात केली. त्या पुलावरून पूर्वी रेल्वे जायची. धरणामुळे रूळ हलवले आणि पूल रस्त्याला मिळाला. पूल तिने लगेच ओळखला. तिथून नदीच्या कडेकडेने, बैलगाडीच्या चालीने सरकवत नेलं. “आता वढा लागंल,” ती म्हणाली. गाळात खरंच एक वाकडी रेघ होती. “वढ्याच्या म्होरं चिंचा.” चिंचा नव्हत्या. मग करड्या गाळातल्या एका फिकट चौकोनावर तिने नखाने टकटक केलं. “ह्यो आमचा गोठा.”

तो गोठाच होता की आणखी काही, मला सांगता येणार नाही. पिवळी टाचणी लावली आणि नाव दिलं, आत्याचा गोठा. तुम्हीही वडिलांना थेट गावावर नेऊ नका, एसटी सोडायची तिथून किंवा बाजाराच्या गावापासून न्या.

धरणाआधीचंच हवं असेल तर एक जुनी वाट आहे. अमेरिकेच्या करोना या हेर उपग्रहांनी १९६० ते १९७२ या काळात फिल्मवर फोटो काढले. ती फिल्म डब्यात घालून खाली सोडत, डबा पॅराशूटने उतरे आणि विमान तो अधांतरीच आकड्याने पकडे! १९९५मध्ये हे फोटो खुले झाले. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या अर्थ एक्सप्लोरर या संकेतस्थळावर नकाशात भीमेचा तो पट्टा आखून शोधा. स्कॅन झालेले फोटो फुकट उतरवता येतात. हाती लागला तर तो अर्थवर पारदर्शक करून पसरता येतो. डिकसळचा पूल पुलावर बसवा, म्हणजे बाकीचं बरंचसं जागेवर येतं.

जाता जाता गंमत. या हेर कॅमेऱ्यांचं सांकेतिक नाव होतं कीहोल, म्हणजे कुलपाचं भोक. अर्थचा मूळ अवतार बनवणाऱ्या कंपनीने तेच नाव घेतलं होतं. गूगलने ती २००४ला विकत घेतली आणि पुढच्या वर्षी गूगल अर्थ आलं. तुमच्या टाचणीची फाइल आजही केएमएल असते, त्यातला के कीहोलचाच.

प्रश्न : शेजाऱ्याने बांध कोरून माझी तीन गुंठे जमीन घेतली. अर्थवर मोजून प्रिंट काढली आहे. तलाठ्याला दाखवू का? – एक शेतकरी, बार्शी तालुका

उत्तर : दाखवा, चहा मिळेल. जमीन मिळणार नाही. माझा स्वतःचा प्लॉट तीन वर्षांच्या तीन फोटोंत मोजला, तर एका फोटोत माझी कंपाउंडची भिंत शेजारणीच्या स्वयंपाकघरात गेली होती. उपग्रह तिरका बघतो, त्यामुळे फोटो थोडा इकडेतिकडे बसतो. तुमचा बांध १०० मीटर लांब असेल आणि फोटो ३ मीटर सरकला असेल, तर ३०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ तीन गुंठे झाले. शेजारी निर्दोषही असू शकतो.

सरकारी मोजणीसाठी भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज करा. प्रिंट मात्र फाडू नका. विहिरीपासून बांधाचं अंतर जुन्या फोटोत मोजा आणि नव्यातही मोजा. दोन्ही गोष्टी त्याच फोटोत असल्याने सरकण्याचा घोळ बराच टळतो. अंतर बदललं असेल तर वकिलाला बोलायला काहीतरी मिळेल.

प्रश्न : हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा अर्थमध्ये घसरगुंडीसारखा का दिसतो? – एक ट्रेकर, ठाणे

उत्तर : कारण यंत्राला प्रत्येक जागेची एकच उंची माहीत असते. अशा नकाशांतल्या डोंगरांची उंची बरीचशी फेब्रुवारी २०००मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने मोजली, साधारण दर ३० मीटरला एक आकडा. कड्याच्या माथ्याचा एक आकडा, पायथ्याचा एक, मधे सरळ रेघ ओढली की झाली घसरगुंडी. आणि पोटात गेलेला कडा तर त्यात बसूच शकत नाही, एकाच जागी दोन उंच्या कशा लिहिणार? पडद्यावरचा उतार बघून नळीच्या वाटेचा बेत आखू नका, बेलपाड्यातला वाटाड्या घ्या.