वाचकांचे प्रश्न : पशुवैद्याची सही आणि परक्या रोगाची शंका

प्रश्न : माझी मुलगी अमेरिकेत आयोवा राज्यात राहते आणि आता आपला कुत्रा घेऊन कायमची साताऱ्याला परतणार आहे. नेहमीच्या पशुवैद्यांनी कुत्रा तपासला, लसही टोचली. पण प्रवासाच्या दाखल्यावर सही मागताच "मी ॲक्रेडिटेड नाही" असे सांगून तिला दुसरीकडे पाठवले. पदवी आहे, परवाना आहे, मग ही आणखी कोणती मान्यता? तिचा संबंध म्हणे गुराढोरांच्या परदेशी रोगांशी आहे. कुत्र्याच्या दाखल्यात गाईगुरे कोठून आली?
— एक वाचक, सातारा

उत्तर : व्यवसायाचा परवाना तिथे राज्य देते, ही अधिस्वीकृती मात्र केंद्रीय कृषी खात्याची पशू व वनस्पती आरोग्य सेवा, म्हणजे 'एफिस', देते. रोगनियंत्रणात सरकारी पशुवैद्यांना खासगी पशुवैद्यांची मदत व्हावी म्हणून ही पद्धत 1921 मध्ये सुरू झाली. ती ऐच्छिक आहे आणि दर तीन वर्षांनी ठरावीक प्रशिक्षण दाखवून तिचे नूतनीकरण करावे लागते. अशा पशुवैद्याला सरकारी पगार नसतो, फी जनावराचा मालकच देतो. तरीही त्याच्या सहीवर जनावर राज्याची हद्द ओलांडते, आणि परदेशी जायचे असेल तर त्या सहीवर पुढे सरकारी पशुवैद्यकीय अधिकारी शिक्कामोर्तब करतो. जनावर स्वतः तपासल्याशिवाय सही करण्यास नियमानेच मनाई असल्यामुळे, "कुत्र्याला घेऊनच या" असा आग्रह कोणी धरला तर मुलीने त्रासून जाऊ नये.

सही हा या कामाचा दिसणारा भाग झाला. माझ्या मते मोलाचा भाग दुसराच आहे. जो रोग देशात अस्तित्वात नाही असे मानले जाते, त्याची नुसती शंका आली तरी केंद्राच्या आणि राज्याच्या पशुआरोग्य अधिकाऱ्यांना तत्काळ कळवणे या पशुवैद्यावर बंधनकारक असते. यातला 'शंका' हा शब्द महत्त्वाचा. लाळ्या-खुरकूत आपल्याकडे गोठ्यातला गडीसुद्धा ओळखतो : तोंडातून लाळेची तार लोंबते, जिभेवर फोड येतात, खुरांच्या बेचक्यात जखमा होऊन जनावर लंगडते. अमेरिकेत हा रोग शेवटचा दिसला तो 1929 साली कॅलिफोर्नियात, अर्जेंटिनाहून आलेल्या बोटीवरचे मांसाचे उष्टे-खरकटे डुकरांना घातल्यामुळे. म्हणजे आज तिथे व्यवसाय करणाऱ्या पशुवैद्याने तो आपल्या देशात कधी पाहिलेलाच नाही. त्यातच तिथल्या नैर्ऋत्य भागात अधूनमधून येणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिस या रोगातही गाईच्या तोंडात हुबेहूब तसेच फोड येतात, आणि नुसत्या डोळ्यांनी दोन्हींतला फरक करता येत नाही. म्हणून त्याने तिथल्या तिथे निदान करावे अशी अपेक्षाच नाही. त्याने फोन करावा, पुढे खास प्रशिक्षित अधिकारी येऊन नमुने घेतो आणि निवाडा प्रयोगशाळा करते.

अडचण आहे ती वेगळीच. त्या फोनमुळे जनावरांची ने-आण थांबू शकते, आणि नुकसान होते ते ज्याच्याकडून फी घ्यायची त्याच मालकाचे. हे काम भिडेवर न सोडता नियमाने बांधले आहे ते याचमुळे, असे मला वाटते. उशीर किती महाग पडतो हे 2001 मध्ये ब्रिटनने पाहिले. एसेक्समधल्या कत्तलखान्यातील पशुवैद्याला डुकरांच्या अंगावर फोड दिसले तेव्हा रोग कधीच दूरच्या नॉर्थम्बरलँडमधून मेंढ्यांच्या बाजारांमार्फत पसरला होता. पुढे 60 लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली.

उलट उदाहरण 2024 चे, टेक्सासमधले. दुभत्या गाई चारा सोडू लागल्या, दूध आटले, जे आले ते पिवळसर आणि चिकासारखे घट्ट; गोठ्यातली मांजरे पटापट मेली. मांजरांच्या त्या मरणाकडे पशुवैद्यांनी दुर्लक्ष केले नाही, दुधाबरोबर मेलेली मांजरेही तपासणीला गेली, आणि 25 मार्चला गाईंमध्ये बर्ड फ्लूचा एच5एन1 विषाणू असल्याचे जाहीर झाले. गाईंमध्ये हा रोग कोणी शोधतही नव्हते.

आता तुमचा कुत्रा. स्क्रूवर्म नावाची माशी जखमेत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. अमेरिकेने तिचे उच्चाटन केले होते. 2016 मध्ये ती फ्लोरिडाच्या बेटांवरील हरणांमध्ये पुन्हा सापडली आणि जानेवारी 2017 मध्ये मुख्य भूमीवर होमस्टेड येथील एका भटक्या कुत्र्याच्या अंगावर. कुत्र्याच्या जखमेतून ती गाईच्या जखमेत जायला वेळ लागत नाही. गाईगुरे येतात ती इथून.

मुलीने एफिसच्या संकेतस्थळावरून जवळचा अधिस्वीकृत पशुवैद्य शोधावा. भारतात आणण्यासाठी इकडच्या पशू संगरोध सेवेचा ना-हरकत दाखलाही लागतो, त्याची तयारी तिकिटाआधी करावी.

प्रश्न : आमचा बारामतीजवळ गोठा आहे. अमेरिकेत मुलाकडे गेलो असता विमानतळावर "शेतावर गेला होतात का?" असे विचारले. खरे सांगावे का?
— एक वाचक, बारामती

उत्तर : अवश्य सांगावे. लाळ्या-खुरकुताचा विषाणू बुटांच्या चिखलाबरोबर सहज जातो, त्यामुळे फार तर बूट धुवून देतील. लपवले आणि उघडकीस आले तर दंड होऊ शकतो. भारतातून तिकडे जाणाऱ्या कुत्र्यांनाही हेच लागू आहे : अंगावर, पायांना चिखल नको, अंथरुणात गवत-पेंढा नको, पोहोचताच आंघोळ, आणि त्यानंतर किमान पाच दिवस गुराढोरांपासून दूर. गोठ्यातली चप्पल मात्र बारामतीतच ठेवून जावी.