आमदाराची पेन्शन, निवृत्तिवेतन आणि आमच्या मामांचा अंगठा

प्रश्न आलाय मंगळवार पेठेतल्या एका एमपीएससीवाल्या दोस्ताचा. "पुस्तकात 'माजी विधानमंडळ सदस्यांचे निवृत्तिवेतन' असं वाचलं. पण आमदार निवृत्त होतो कधी? मग हा शब्दच चुकीचा नाही का? आणि मानधन, वेतन, भत्ता यात नक्की फरक काय?"

कायद्याच्या भाषेत शब्द बरोबर आहे भावा, कारण महाराष्ट्रात 1976 चा जो कायदा आहे त्याच्या नावातच निवृत्तिवेतन बसलंय. (आणि 'ति' ऱ्हस्व बरं का. निवृत्ती एकटी असली की दीर्घ, समासात गेली की ऱ्हस्व, बोर्ड रंगवणारे काहीही रंगवूदेत.) पण तुझ्या कानाला खटकलं ते उगाच नाही.

क्रियापदं बघ. आपल्याकडं मास्तर रिटायर होतो, पोलीस रिटायर होतो, एसटीचा कंडक्टर रिटायर होतो. आमदार काय होतो? पडतो. नायतर त्याचं तिकीट कापतात, नायतर तो पोराला उभा करतो आणि स्वतः घरात बसतो, आणि घरात बसला तरी फोन सकाळी सहापासून चालूच. निवृत्ती म्हणजे मूळात मागं फिरणं, प्रवृत्तीच्या उलटं, आणि इथं तर पुढच्या इलेक्शनची तयारी मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते. आमदार व्हायला कमीत कमी 25 वर्षं पूर्ण लागतात हे संविधानात आहे, जास्तीत जास्त किती हे कुठंच नाही. मग निवृत्त व्हायचं तरी कशातून?

मागच्या नोव्हेंबरात मामांना घेऊन बँकेत हयातीच्या दाखल्याला गेलोतो. मामा रिटायर्ड मुख्याध्यापक. पस्तीस वर्षं खडू धरून अंगठ्यावरच्या रेषा पार गेलेल्या, मशीन काय ठसा घेईना, तीनदा पुसून लावला, चौथ्यांदा त्या पोरीनं ओला रुमाल आणून दिला. मागच्या रांगेतनं एकजण म्हणाला, "गुरुजी, माजी आमदार पण येत असतील का ओ अंगठा लावायला?" मामा मान न वळवता म्हणाले, "त्यांच्या हयातीचा दाखला दर पाच वर्षांनी आपणच देतोय की!" सगळी रांग हसली, पण मामांचाच धाकटा पोरगा 2009 ला नोकरीला लागलाय आणि 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, तो 'एकच मिशन, जुनी पेन्शन'ची टोपी घालून मोर्च्यात होता, त्यामुळं मामा स्वतः काय हसले नाहीत.

आता शब्दाकडं. घोळ झालाय तो पेन्शनचं भाषांतर करताना. पेन्शन हा रुंद शब्द आहे. मूळ लॅटिन, अर्थ वजन करणं, म्हणजे तोलून दिलेली रक्कम, त्यात निवृत्ती पण नाही आणि वेतन पण नाही. संविधानाच्या 366 व्या कलमात सुद्धा पेन्शनची व्याख्या 'कोणत्याही प्रकारची' अशी ऐसपैस आहे आणि निवृत्त माणसाचा पगार हा त्यातला फक्त एक प्रकार. मराठीत आपण त्या एका प्रकाराचं नाव सगळ्यालाच चिकटवलं.

कानानं तपासून बघ. दुसऱ्या बाजीरावाला 1818 नंतर इंग्रजांनी वर्षाला आठ लाख रुपये लावून दिले आणि कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला बसवलं. बाजीरावाचं निवृत्तिवेतन असं कधी वाचलंस? नाही ना. पेन्शन वाचलं असशील, तनखा वाचलं असशील. कारण तो रिटायर झाला नव्हता, सत्ता गेली होती. त्याच्यामागं त्याचा दत्तक पोरगा नानासाहेब, त्याला ती पेन्शन नाकारली, कारण दिलेली गोष्ट देणाऱ्याच्या मर्जीवर असते. निवृत्तिवेतन म्हटलं की मात्र तो कमावलेला हक्क वाटायला लागतो. ह्या एका शब्दात सगळी मेख आहे बघ.

म्हणून मला विचारशील तर खरा शब्द तनखा. फारसीतनं आलेला, आणि कोल्हापूरकराला तर तो शिकवायलाच नको. संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई राज्यात विलीन झालं आणि देशभरातल्या संस्थानिकांचे तनखे 1971 ला घटनादुरुस्तीनं बंद झाले, तेव्हा कुणी 'संस्थानिकांचे निवृत्तिवेतन बंद' असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बंद करणं जरा जड गेलं असतं असं आपलं माझं मत. आणि गंमत म्हणजे राजांचे तनखे गेल्यावर पाचच वर्षांत, 1976 ला, माजी खासदारांची पेन्शन सुरू झाली.

संविधानाच्या 106 व्या कलमात खासदारांसाठी आणि 195 व्यात आमदारांसाठी 'वेतन आणि भत्ते' एवढंच आहे, पेन्शन हा शब्दच नाही. शब्द नाही म्हणून पेन्शन बेकायदा, असा युक्तिवाद सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि 2018 ला तो फेटाळला गेला, संसदेला तसा कायदा करता येतो म्हणून. आता माजी खासदाराला महिन्याला 31,000, आणि पाच वर्षांच्या वर प्रत्येक वर्षाला 2,500 जादा. ही वर्षं मोजायची पद्धत बघ, ही नोकरीच्या सर्व्हिसबुकातली पद्धत आहे, तनख्यात वर्षं कोण मोजतो! पंजाबनं 2022 ला नेमकं हेच छाटलं, कितीही वेळा निवडून आला तरी पेन्शन एकच.

मानधनाचं तर अजून उलटं. संस्कृतात मानधन म्हणजे पैसा नव्हेच, मान हेच ज्याचं धन आहे असा माणूस. भारवीच्या किरातार्जुनीयात दुर्योधनाच्या योद्ध्यांना 'मानधन' म्हटलंय आणि लगेच पुढचा शब्द 'धनार्चित', म्हणजे धन देऊन पूजलेले! दोन्ही एकदम. मराठीत मानधन म्हणजे मानानं दिलेले पैसे झालं, जिथं मालक-नोकर नातं नाही तिथं. म्हणजे शब्दाच्या न्यायानं लोकसेवेला आलेल्याला मानधन आणि रोज हजेरी लावणाऱ्याला वेतन पाहिजे. प्रत्यक्षात आमदाराला वेतन, आणि सकाळी दहाला कुलूप काढून पोरांना खिचडी देणाऱ्या अंगणवाडीताईला मानधन. मानधन म्हटलं की पेन्शनीचा विषयच संपतो ना. तिच्या ग्रॅच्युइटीसाठी सुद्धा सुप्रीम कोर्टाला 2022 मध्ये सांगावं लागलं की ते नावाला मानधन असलं तरी मजुरीच आहे.

भत्ता म्हणजे खर्चापोटी, मग तो खरा खर्च असो की नसो. (नगर-नाशिककडं भत्ता म्हणजे चुरमुऱ्या-फरसाणाचा तिखट खाऊ, तो मात्र खर्च वसूल करतो.) बाकी ज्या सोयी असतात त्यांना सरकारी कागदात 'सुविधा' म्हणतात, मी मानपान म्हणतो. एसटीत विधिमंडळ सदस्यांसाठी राखीव म्हणून सीट असते, गारगोटीच्या गाडीत कॉलेजची पाच वर्षं मी त्याच सीटवर बसून काढली, एकदाही उठायला लागलं नाही.

तर पेपरात निवृत्तिवेतन लिही, दोन मार्क कशाला घालवतोस. मिसळ खाताना तनखा म्हण.